मोडीला क्रमांक मिळाला, आता वाचणारे हवेत



मागच्या सभेत संगणक खोलीच्या खर्चावर बोलणे चालू असताना एक सूचना आली. आपल्या गावातल्या जुन्या मराठी घरांतून मोडी कागद आहेत, आणि मोडी आता कॉम्प्युटरमध्ये आली आहे, तेव्हा चांगला स्कॅनर घेऊन सगळे कागद आत घालून टाकावे म्हणजे काम झाले, अशी ती सूचना. सुचवणाऱ्यांचा हेतू चांगला होता. टाळ्याही पडल्या. मी तेव्हा गप्प बसलो, कारण दोन मिनिटांत सांगण्यासारखे ते नव्हते. इथे सविस्तर लिहितो. माझे म्हणणे एवढेच, की मोडी संगणकात आली हे खरे आहे, पण तिचे "येणे" म्हणजे काय ते नीट समजून घेतले नाही तर आपण पैसे चुकीच्या जागी घालू आणि कागद तसेच राहतील.

आधी मोडीविषयी. मुलांपैकी अनेकांनी हे नाव फक्त ऐकले असेल. आपण आज लिहितो ती देवनागरी, जुन्या लोकांच्या भाषेत बाळबोध. मोडी ही मराठीचीच दुसरी लिपी, धावती. बोरू शाईत बुडवायचा, आधी कागदावर डावीकडून उजवीकडे सरळ रेघ ओढायची आणि मग त्या रेघेला अक्षरे लटकवत जायचे, होईल तितके हात न उचलता. शब्दांमध्ये जागा सोडायची नाही, विरामचिन्हे नाहीत, ओळ संपली की शब्द अर्धा तोडून पुढे. ऱ्हस्व-दीर्घाची फिकीर नाही. हेमाडपंताने ही लिपी आणली असे परंपरा सांगते, ते सिद्ध झालेले नाही. पण शेकडो वर्षे मराठी मुलखाचा सारा कारभार, म्हणजे पत्रे, हिशेब, निवाडे, गहाणखते, यादी, जमाखर्च, याच लिपीत चालला हे मात्र निर्विवाद.

कारकुनाला घाई असे, म्हणून लिपीबरोबर संक्षेपही आले. "इ॥" लिहिले की समजायचे इस्तकबिल, म्हणजे अमुक तारखेपासून. "ता॥" म्हणजे तागायत, अमुकपर्यंत. "बि॥" म्हणजे बिन, अमक्याचा मुलगा. तारखेपूर्वी "छ" आला की तो चंद्र, म्हणजे मुसलमानी महिन्याची तारीख. माझ्या तरुणपणी शॉर्टहँड-टायपिंगचे क्लास असत आणि नोकरीच्या आशेने मुले पिटमनच्या रेघा गिरवीत. मोडी आमच्या पूर्वजांचे शॉर्टहँडच होते म्हणा ना. फरक इतकाच, की शॉर्टहँडची वही साहेबाचे पत्र टाईप झाले की फेकून देत, आणि मोडी कागद हाच मूळ दस्तऐवज असे.

आपल्या बऱ्हाणपुराशी मोडीचा संबंध काय, असे एका पालकांनी मला विचारले. संबंध जवळचा आहे. १७६० च्या उदगीरच्या लढाईनंतर बऱ्हाणपूर आणि असीरगड निजामाकडून मराठ्यांकडे आले. पुढे शिंद्यांकडे गेले. १८०३ मध्ये इंग्रजांनी घेतले आणि सुर्जी-अंजनगावच्या तहाने शिंद्यांना परत दिले. पुरते इंग्रजी अंमलात गेले ते १८६० च्या सुमारास. म्हणजे जवळजवळ शंभर वर्षे इथला कारभार मराठी दरबाराचा आणि अर्थातच मोडीतला. त्या काळात इथे येऊन राहिलेल्या घराण्यांच्या ट्रंकांमध्ये आणि माळ्यांवर जे कागद आहेत ते या शतकाचे आणि त्यानंतरच्या दोन-तीन पिढ्यांचे.

आता संगणकाकडे वळू. "कॉम्प्युटरमध्ये आली" म्हणजे काय?

आपल्याच पत्रिकेचे उदाहरण घेतो. वीस वर्षांपूर्वीचे आपले अंक कृतिदेव या फाँटात जुळवलेले होते. त्यातल्या काही सीडी मी जपून ठेवल्या आहेत. परवा मुलाच्या लॅपटॉपवर एक उघडली तर पानभर इंग्रजी अक्षरांचा चिवडा. कारण असे, की त्या फाईलमध्ये मराठी कधी नव्हतेच. कृतिदेवमध्ये "क" हवा असेल तर इंग्रजी "डी" ची कळ दाबायची. संगणक मनात "डी" च धरून ठेवी, आणि फाँट त्या "डी" ला "क" चे सोंग घालून पडद्यावर आणी. हिंदीतला "है" म्हणजे आत धाकटा "जी" आणि थोरला "एस". फाँट काढून घेतला की सोंग उतरले. तेव्हा शोधाशोधही अशक्य, कारण "क" शोधायला गेले तर फाईलमध्ये "क" आहेच कुठे?

युनिकोड या पद्धतीत हे सोंग नाही. तीत घेतलेल्या प्रत्येक लिपीच्या प्रत्येक अक्षराला एक कायमचा क्रमांक दिलेला असतो. देवनागरी "क" चा क्रमांक २३२५. बऱ्हाणपुरात, पुण्यात, अमेरिकेत, कुठल्याही यंत्रावर २३२५ म्हणजे देवनागरी "क" आणि दुसरे काही नाही. अक्षराचे वळण फाँट ठरवील, पण अक्षर कोणते याबद्दल वाद उरत नाही. देवनागरीला हे क्रमांक १९९१ मध्ये पहिल्याच आवृत्तीत मिळाले.

मोडीला ते मिळाले जून २०१४ मध्ये, युनिकोडच्या ७.० या आवृत्तीत. अंशुमन पांडे या अभ्यासकांनी त्यासाठी जुने कागद, छापील पुस्तके, वळणांचे तक्ते गोळा करून २०११ मध्ये सविस्तर प्रस्ताव दिला होता. आपल्या कितीतरी जुन्या लिपींसाठी त्यांनी असे काम केले आहे. एकूण ७९ चिन्हे: स्वर, व्यंजने, स्वरांची चिन्हे, दहा आकडे, दंड, आणि संक्षेपासाठी वेगळे चिन्हसुद्धा. मोडी "अ" चा क्रमांक ७१,१६८ आणि मोडी "क" चा ७१,१८२. हे आकडे इतके मोठे कसे, असा प्रश्न हुशार मुलांना पडेल. युनिकोडचा पहिला कोठा ६५,५३५ वर संपतो, आणि आधी आलेल्या चालू लिपींनी तो बराचसा भरून टाकला. उशिरा आलेल्यांना पुढच्या कोठ्यात जागा मिळाली. जुनी काही सॉफ्टवेअर पहिल्या कोठ्याच्या पलीकडे पाहतच नसत, म्हणून त्यांत मोडीच्या जागी रिकामे चौकोन दिसत. नोटो मालिकेतला मोडी फाँट फुकट मिळतो. तो घातला की चौकोनांची अक्षरे होतात.

त्याच आवृत्तीत आणखी दोन लिपी आल्या त्यांची गंमत सांगतो. एक महाजनी, आपल्या शेजारच्या व्यापारी मंडळींच्या जुन्या बह्यांतली. तीत स्वरांची चिन्हे बहुतेक गाळत, त्यामुळे "काकाजी अजमेर गए" ची चिठ्ठी घरच्यांनी "काकाजी आज मर गए" अशी वाचून रडारड केल्याचा विनोद प्रत्येक पेढीवर सांगतात. दुसरी लिपी फ्रान्सची, एमिल द्युप्लोय्ये यांनी १८६० च्या सुमारास काढलेली लघुलिपी, अगदी खरेखुरे शॉर्टहँड. तुम्ही म्हणाल, शॉर्टहँडला कशाला कायमचे क्रमांक? त्याचे कारण कॅनडात आहे. ले झ्यून नावाच्या एका पाद्रीने ही लघुलिपी तिथल्या मूळ रहिवाशांना शिकवली आणि १८९१ पासून "कॅमलूप्स वावा" नावाचे वर्तमानपत्र त्यांच्यासाठी त्या लिपीत काढले. लोक ते वाचू लागले, त्या लिपीत लिहू लागले. घाईसाठी काढलेली खूण अशी एका समाजाची लिपी झाली आणि तिचे कागद मागे उरले. मोडीचे तेच.

मग क्रमांक मिळाल्याने आपला फायदा काय झाला? मोठा झाला. मोडी कागदातली अक्षरे आता मोडी अक्षरे म्हणूनच साठवता येतात, एका यंत्रावरून दुसऱ्यावर पाठवता येतात, शोधता येतात. "देवनागरीत उतरवून घेतले की झाले, मोडीतच कशाला साठवायचे?" असेही विचारतात. प्रश्न बरोबर आहे आणि रोजच्या कामाला देवनागरी पुरते. पण देवनागरीत उतरवणारा नकळत शुद्धलेखन करून टाकतो. मोडीत "दिन" आणि "दीन" सहसा एकसारखेच लिहीत. देवनागरीत त्यातला एक निवडावा लागतो. निवड चुकली तर पुढच्याला ती चूक होती हे कळणारच नाही, कारण त्याच्यासमोर आपली निवड असते, कागद नसतो. मूळ अक्षरांची नक्कल शेजारी असली म्हणजे तो पुन्हा तपासू शकतो.

पण इथेच माझा मुद्दा येतो. स्कॅन म्हणजे फोटो. फोटोतल्या अक्षराला क्रमांक नसतो. कागद स्कॅनरखाली ठेवल्याने त्यातला "क" आपोआप ७१,१८२ होत नाही. आधी कोणीतरी तो "क" आहे हे ओळखावे लागते. युनिकोडने प्रत्येक अक्षरासाठी एक खुंटी ठोकून दिली, तिच्यावर अक्षर नेऊन अडकवायला वाचता येणारा माणूस पाहिजे.

"आता मशीनच वाचते," असे आमच्या घरातली तरुण पिढी सांगते. खरे आहे, प्रयत्न चालू आहेत. २०२५ मध्ये रुडकीच्या आयआयटीतील संशोधकांनी मोडी कागदांच्या दोन हजारांहून अधिक चित्रांचा, देवनागरी वाचनासह, एक संच प्रसिद्ध केला आणि त्यावर यंत्राला मोडीचे देवनागरी करायला शिकवले. मला या कामाचे कौतुक आहे. पण "देवनागरी वाचनासह" हे शब्द लक्षात घ्या. ते वाचन माणसांनी करून दिले तेव्हा यंत्र शिकले. आणि ते चुकले तर चुकले असे सांगायलाही माणूसच हवा. पुण्याच्या पेशवे दफ्तरात कोट्यवधी कागद आहेत. रियासतकार सरदेसाई यांनी त्यातून निवडून १९३० ते १९३४ या काळात ४५ खंड छापले, केवढे प्रचंड काम ते, आणि तरी दफ्तराच्या मानाने मूठभर. तिथे कागदांची कमतरता नव्हती, वाचणाऱ्यांची होती.

आता माझीच एक चूक सांगतो. सांगताना आजही संकोच वाटतो. आमच्या जुन्या घराची वाटणी होऊन बांधकाम निघाले तेव्हा माळ्यावर लाल फडक्यात बांधलेला एक रुमाल सापडला. कागदांच्या गठ्ठ्याला आपल्याकडे रुमाल म्हणतात, दफ्तरातलाच शब्द. वाळवीने कडा खाल्लेल्या, धूळ, उंदरांची घाण. वडील तेव्हा हयात नव्हते. घरात कोणालाच ते वाचता येत नव्हते. मी स्वतः तो रद्दीवाल्याला वजनावर दिला. चार कागद त्यावर काहीतरी शिक्का दिसला म्हणून काढून ठेवले, जहागिरीची सनद निघेल अशा आशेने. रुमालाचे किती पैसे आले हे आठवत नाही. चहा झाला असेल.

पुढे बऱ्याच वर्षांनी त्यातला एक कागद मोडी शिकत असलेल्या एका मुलाला दाखवला. त्याने सांगितले, कर्जाचा कागद आहे, एका महिन्याचा. नंतर भुसावळला एका निवृत्त शिक्षकांकडे गेलो. त्यांनी भिंग लावून अर्धा तास पाहिले. पहिल्या वाचणाऱ्याने दोन ठिकाणचे "इ॥" आणि "ता॥" फराटे समजून सोडून दिले होते. ते धरल्यावर महिन्याची सहा वर्षे झाली. आमच्या घरातल्या एका बाईने विहिरीच्या कामासाठी आपल्या पाटल्या गहाण टाकल्या होत्या, आणि सहा वर्षे व्याज भरून सोडवल्या होत्या. तिचे नाव कागदात आहे. आमच्या वंशावळीत ते नाही, तिथे फक्त पुरुषांची नावे आहेत. विहीर अजून आहे, तिच्यावर मोटर बसवली आहे. सनद निघाली नाही याचे मला मुळीच वाईट वाटले नाही. रद्दीत गेलेल्या बाकीच्या कागदांत अशा किती जणी होत्या, हा विचार मात्र पाठ सोडत नाही.

म्हणून विश्वस्त मंडळींना माझी विनंती आहे. स्कॅनर घ्यायचा तर घ्या, पण महागडा नको. चांगल्या उजेडात मोबाईलने काढलेला सरळ फोटो सुरुवातीला पुरतो. वाचलेले पैसे मोडी शिकवणाऱ्याच्या येण्याजाण्याला आणि मानधनाला लावा. महाराष्ट्रात पुराभिलेख खात्यामार्फत मोडीचे वर्ग होतात, संशोधन मंडळे आहेत, धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळ आहे. आपण पडलो मध्य प्रदेशात. १९५६ पर्यंत आपली राजधानी नागपूर होती, नंतर भोपाळ झाली, आणि मराठी कागदांची विचारपूस करणारे सरकारी खाते आपल्यासाठी सीमेपलीकडचे झाले. भोपाळला दोष देत नाही. तिथे मोडीची आठवण कोण काढणार? आपणच.

मुलांवर आधीच हिंदी, इंग्रजी, मराठी, संस्कृत असा बोजा आहे, त्यात आणखी मेलेली लिपी कशाला, असे म्हणणारे पालक मला भेटले आहेत. त्यांचे म्हणणे मी हसण्यावारी नेत नाही. सगळ्यांना मोडी शिकवा असे मी म्हणतच नाही. परीक्षा नको, गुण नकोत. आठवीपासून पुढे ज्यांना हौस असेल अशी पाच-सात मुले, आणि हवे असल्यास त्यांचे आजी-आजोबा, शनिवारी शाळा सुटल्यावर एक तास. देवनागरी येणाऱ्याला मोडीची सुटी अक्षरे काही आठवड्यांत येतात. जुना हात वाचायला मात्र महिने लागतात, कारण प्रत्येक कारकुनाचे वळण निराळे. गावात पाच वाचणारे तयार झाले तरी पुष्कळ.

आपल्या जामा मशिदीत फारुकी सुलतानांच्या वंशावळीचा लेख आहे, अरबीबरोबर संस्कृतातही, विक्रम संवत १६४६ चा. शाळेची सहल तिथे गेली की मुले देवनागरी अक्षरे ओळखून एकेक शब्द लावू पाहतात, मी पाहिले आहे. चारशेहून अधिक वर्षांपूर्वीचा दगड त्यांना थोडाफार कळतो, आणि पणजोबांची चिठ्ठी कळत नाही. कारण साधे आहे. देवनागरी छापखान्यात गेली आणि टिकली. मोडीचेही खिळे पडले होते, विल्यम कॅरे यांचा १८१० चा मराठी कोश श्रीरामपूरला मोडीतच छापला गेला. पण एकमेकांत गुंतलेली ती अक्षरे सुट्या खिळ्यांत नीट बसेनात. १८३१ चा मोल्सवर्थ यांचा कोश देवनागरीत निघाला, पुढे छपाई सगळी बाळबोधीत गेली, आणि १९५० च्या सुमारास शाळांतूनही मोडी उठली. खिळ्याला जे जमले नाही ते संगणकाला जमते. एकाच क्रमांकाच्या अक्षराला शेजाऱ्याप्रमाणे निरनिराळे आकार फाँट देऊ शकतो. दोनशे वर्षे उशिरा का होईना, अडचण दूर झाली आहे.

वर्ग सुरू होईल तेव्हा होईल, तोवर घरी एवढे करा. माळा आवरताना जुना कागद दिसला तर कोणाला तरी विचारल्याशिवाय टाकू नका. कडक झालेल्या घड्या ओढून उघडू नका, कागद फाटतो. फाटलेल्याला चिकटपट्टी लावू नका. लॅमिनेशन तर मुळीच करू नका, कौतुकाने फ्रेम करायला म्हणून लोक करतात आणि कागद कायमचा अडकतो. स्वच्छ सुती फडक्यात सैल बांधून कोरड्या जागी ठेवा. फोटो काढलात तर कागद कुणाच्या घरचा आणि कुठे सापडला हे फाईलच्या नावात मराठीतच लिहा, युनिकोडमध्ये, म्हणजे वीस वर्षांनी त्याचा चिवडा होणार नाही.

शिकवणारे मिळेपर्यंत सुटी अक्षरे मी गिरवून दाखवू शकतो, माझी मजल तेवढीच आहे. विश्वस्तांनी खोली दिली तर पहिल्या शनिवारी माझे ते चार कागद घेऊन येतो. तीन अजून वाचायचे आहेत.

— शाळेचा एक माजी विद्यार्थी